दहापैकी दहा

सातवीच्या वर्गाला मी गणित शिकवतो. पालक भेटायला आले की गुण वाढवून मागणार, हे मी धरूनच चालतो. त्या दिवशी अनसिंगच्या बाजाराला जाता जाता एका मुलीचे वडील शाळेत आले. चपला दाराबाहेर काढल्या. हळद शिजवण्याचे दिवस होते, हात पिवळे झालेले. वहीला डाग पडू नये म्हणून त्यांनी ती दोन बोटांच्या टोकांत धरली होती.

“सर, पोरीचे मार्क कमी करा.”

मी वही उघडली. अपूर्णांकांचा गृहपाठ, दहापैकी दहा, खाली माझाच ‘छान’.

“हे गणितं मीच सांगतले. तिनं निस्ते उतरवले.”

“घरचे मदत करतातच,” मी म्हणालो. मला तासाला जायची घाई होती.

ते हलले नाहीत. “तिले येत नाई सर. तुमाले दहा दिसले तं तुमी पुढचा धडा घेसान. मंग तिले हे कोन शिकवन?”

एवढं बोलून ते बाजाराला गेले. मला त्यांचे आभार मानायचे राहिले; ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

मी वर्गाला सांगितलं, घरी जिथे अडेल तिथे थांबा आणि खाली रेघ मारा; त्या रेघेलाही गुण आहेत. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची वही आली. तिसऱ्या गणितात, छेद समान करताना, ती थांबली होती. रेघ पट्टीने मारलेली, आणि रेघेच्या टोकाला अंगठ्याचा पिवळा ठसा.

तिला मी दहा गुण दिले. पुढचा धडा तसाच ठेवला आणि फळ्यावर पुन्हा छेद समान करायला घेतले.