येळवसेला प्रेस बंद

उदगीरच्या एमआयडीसीत मलप्पा अप्पांचा रबराचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, तीन प्रेस आणि बावीस बाया. ट्रॅक्टरचं इंजिन जिथं टेकतं तिथं हादरे झेलायला रबराचा बुश लागतो, तो इथं गरम साच्यात दाबून काढतात. या शेडची सुपरवायझर महामाया सोनकांबळे. माहेर मुखेड तालुक्यातलं, शिक्षण आयटीआय, वय चव्वेचाळीस. मालक अप्पा असले तरी प्रेस उघडते ती महामायाच्या हुकमानं. साचा नऊ मिनिटं बंद राहिलाच पाहिजे. आठव्या मिनिटाला कुणी हात घातला तर ती असं बघते की तो हात आपोआप मागं जातो.

एकदा खुद्द अप्पांनीच, गिऱ्हाईक दारात उभं म्हणून, "सात मिनिटांवर काढ" असं फर्मावलं होतं. तिनं काढलं नाही. "कच्चा बुश गेला तर ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची कंबर जाईल, तुमची न्हाई," असं तोंडावर सांगितलं. अप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तेवढीच शेडमध्ये शांतता होती.

यंदा दिवाळी झाली आणि पुण्याकडच्या ट्रॅक्टर कंपनीचे चिटणीस साहेब येणार असल्याचा निरोप आला. कंपनीला बुश पुरवणारा एक जुना कारखाना बंद पडला होता. आता कुणावर किती भार टाकायचा आणि ऐनवेळी कोण तोंडघशी पाडेल, हे बघत साहेब गावोगाव फिरत होते. त्यांचा फॉर्म आधीच आला होता. त्यात रोजची क्षमता लिहायची, बंदचे दिवस लिहायचे आणि खाली सुपरवायझरनं सही करायची. 'धोका' हा रकाना साहेब स्वतः भरणार होते.

अप्पांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "चार हजार लिही."

"अडीच हजार होतात, अप्पा."

"अगं, सगळेच फुगवून लिहितात. ऑर्डर हातात आली की बघू."

"बघू म्हणजे कोण बघणार? प्रेसवर तर मीच उभी हाय."

अप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऑर्डर गेली तर तिसरी प्रेस बंद करावी लागंल. आठ बाया घरी बसतील. त्यांना तू सांगशील?"

 त्या आठांत तिची जिवाची मैत्रीण सिंधू होती. पण चार हजार लिहायचे म्हणजे रोज साचा सहाव्या मिनिटाला उघडायचा. तिनं अडीच हजार लिहिले आणि बंदच्या दिवसांत स्वच्छ अक्षरात लिहिलं, येळवस.

चिटणीस साहेबांचं बोट बरोबर त्याच शब्दावर थांबलं. "हे काय?"

लातूर जिल्ह्यात हे कुणी विचारत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावंच्या गावं शेतात जातात, कडब्याच्या झोपडीवजा कोपीत पूजा मांडतात, शेंगाभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील पोटभर खातात. बाजारात त्या दिवशी चिटपाखरू नसतं.

"सणासाठी आमची लाइन थांबत नाही," साहेब म्हणाले. "चालू ठेवू असं लिहा."

"ठेवू की साहेब!" अप्पा घाईघाईनं म्हणाले. "ही तर बौद्ध हाय, हिला कशाची येळवस?"

महामायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी पूजा करत न्हाई, खरं हाय. म्हणून बायांचा दिवस परस्पर देऊन टाकू व्हय? त्या दिवशी एक बी बाई येणार न्हाई. तुम्ही तरी येणार का, अप्पा?"

 दर येळवसेला अप्पांच्याच शेतात पन्नास पानं उठत.

ती साहेबांकडे वळली. "एक सोडून दोन दिवसांचा माल आधीच करून देते. ठेवून घ्या."

"आम्ही साठा ठेवत नाही. ठरल्या तारखेचाच माल गेटमधून आत येतो."

"म्हणजे दोन दिवसांचा माल ठेवायला तुम्हाला जागा न्हाई, आन् धोका आमचा?"

 साहेबांनी धोक्याच्या रकान्यात लाल पेनानं 'जास्त' लिहिलं. तिनं आपल्या आकड्याखाली सही ठोकली.

ऑर्डर आली, पण अडीच हजारांची आणि तीही महिन्यापुरती. येळवसेमुळे माल अडला तर पुढचं काम बंद, असं पत्रात स्पष्ट होतं. बाकीचा सगळा भार रोज सहा हजार लिहिणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्याला मिळाला. अप्पांनी ते पत्र तिच्यापुढं टाकलं.

बायांनी सुट्टीचे दोन रविवार आपणहून दिले. पाच हजार जादा बुश झाले, एकेक नऊ मिनिटांचा. येळवसेच्या आदल्या सकाळी रोजच्या गाडीमागोमाग कारखान्याचा ड्रायव्हर वैजनाथ जादा टेम्पो घेऊन कंपनीच्या गेटवर पोचला आणि त्याचा फोन आला. "ताई, रोजची गाडी आत घेतली. माझी घेईनात. ह्या मालाची तारीख परवापासूनची हाय म्हणतात."

"माघारी बोलाव त्याला," अप्पा म्हणाले.

"वैजनाथ, तिथून हलू नको," ती फोनवर म्हणाली.

येळवसेच्या दुपारी ती सिंधूच्या शेतात, कोपीशेजारी बायांच्या पंगतीत बसली होती. आंबील वाढली जात होती तेवढ्यात चिटणीस साहेबांचा फोन आला. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा होता.

"मॅडम, त्या सहा हजारवाल्यांचा माल तीन दिवस आला नाही. उद्या सकाळी लाइन थांबेल. असतील तेवढ्या बाया बोलवा आणि प्रेस चालू करा!"

"प्रेस आज बंद हाय, साहेब. फॉर्मात लिहून दिलंय."

"अहो, मग मी बुश आणू कुठून?"

"खिडकीतून खाली बघा. आमचा टेम्पो कालपासून तुमच्या दारात उभा हाय, पाच हजार बुश घेऊन. सणासुदीचा आमचा माणूस उपाशी बसलाय तिथं. गेट उघडा, आन् आधी त्याला जेवू घाला."