स्पॅनिशच्या बाई शिकायला बसतात

जिच्यासमोर छापील कागद हातात धरायची मला भीती वाटते, अशी सगळ्या रियाधमध्ये एकच व्यक्ती आहे आणि ती नेमकी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. कंपाउंडमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, त्यांना सगळे 'स्पॅनिशच्या बाई' म्हणतात. मूळच्या साताऱ्याच्या. पुण्यात संध्याकाळचे वर्ग करून स्पॅनिश शिकल्या, पुढे तिथेच शिकवू लागल्या आणि नवऱ्याला इथल्या बँकेत नोकरी लागल्यावर इथे येऊन एका आंतरराष्ट्रीय शाळेत रुजू झाल्या. साताऱ्याच्या बाईंनी जॉर्डनच्या आणि फिलिपीन्सच्या मुलांना सौदी अरेबियात बसून स्पॅनिश शिकवावं, यात काही वेगळं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. स्पॅनिश आपल्या देवनागरीसारखीच सरळ, जसं लिहिलं तसं वाचायचं, असं त्या सांगत. सांगत म्हणजे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगत.

बाईंच्या लेखी वाचन म्हणजे मोठ्याने, खणखणीत आणि एकही अक्षर न गिळता केलेलं वाचन. लिफ्टमधली सूचना, खोकल्याच्या बाटलीवरची चिठ्ठी, दुधाच्या डब्यावरची तारीख, सगळं त्या उच्च स्वरात वाचत. हॉटेलात मेन्यू आला की सुपापासून सुरुवात होई आणि वेटर राष्ट्रगीताला उभं राहावं तसा ताठ उभा राही. एकदा माझी बायको गॅलरीत बसून फोनवर बहिणीला पाककृती वाचून दाखवत होती, तर वरच्या गॅलरीतून आवाज आला, "वहिनी, 'शिजवा'तला 'श' सांडला." बायकोने तो 'श' उचलून परत जागेवर ठेवला, तेव्हा कुठे वरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्यांच्या वर्गाचं भूषण म्हणजे सलमा. एका जॉर्डनच्या डॉक्टरांची आठ वर्षांची मुलगी. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि तरीही स्पॅनिश उच्चार असे की बाईंना गहिवरून येई. शाळेत कोणीही पाहुणा आला की सलमाला उभं करायचं आणि एक पान वाचून घ्यायचं, असा शिरस्ताच पडला होता. पाहुणे टाळ्या वाजवत, सलमा बसे, आणि त्या दिवशी संध्याकाळी आम्हाला बाईंकडून बेसनाचा लाडू मिळे.

मग शाळेने वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी वर्षभराचं प्रशिक्षण ठेवलं. त्यासाठी कोलंबियाहून एक बुटक्या, शांत बाई आल्या. त्या भाषण वगैरे देत नसत. वर्गात मागच्या बाकावर बसून बघत आणि नंतर शिक्षकाशी दहा मिनिटं बोलत. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आता कोणीतरी मागे बसून शिकवणार, हे बाईंना फारच लागलं. तरी पाहुणचार म्हणून त्यांनी सलमाला उभं केलं. सलमाने पान सुरेख वाचलं. कोलंबियाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सलमाच्या शेजारी येऊन बसल्या आणि गोष्टीत काय झालं, ते हवं तर अरबीत किंवा इंग्रजीत सांग, म्हणाल्या. सलमाने एकदा पानाकडे बघितलं, एकदा आपल्या बाईंकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी लाडू आले नाहीत, बाईच आल्या. हातात पुस्तक होतं आणि चेहरा लाल. त्यांचं म्हणणं असं की त्या कोलंबियाच्या बाईला काही कळत नाही. आधी वाचायला आलं पाहिजे, अर्थ मागाहून आपोआप येतो. हे सिद्ध करायला त्यांना माणूस हवा होता आणि मी सोफ्यावरच होतो. मला स्पॅनिशचं अक्षरही येत नाही. पण कोणतं अक्षर कसं उच्चारायचं ते त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं आणि मी वाचू लागलो. सुरुवातीला अडखळलो, मग मला जोर चढत गेला. दुसऱ्या परिच्छेदाला तर मी सत्यनारायणाच्या पोथीचा सूर लावला. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकू लागली. बाई विजयाने म्हणाल्या, "बघा! आलं की नाही वाचता?"

मी म्हणालो, "आलं खरं. पण बाई, हे होतं काय?"

ती एका बकरीची गोष्ट होती. बकरी गावच्या सरपंचाची नवी टोपी खाते आणि सगळं गाव तिच्यामागे धावतं. तेवढा विनोदी प्रसंग मी सत्यनारायणाच्या सुरात वाचला होता. मी हसलो, बायको हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि अगदी हळू, इतक्या वर्षांत मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे माझी पोरं अशीच वाचतायत."

त्यानंतर बाई शिकायला बसल्या. आणि बाई एखादी गोष्ट करायला बसल्या की सगळं कंपाउंड तिच्यात ओढलं जातं. वाचताना मधेच थांबून पुढे काय होईल ते मुलांना विचारायचं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. त्याचा सराव आमच्यावर. मी घरभाड्याचा करार वाचत होतो, तर पाचव्या कलमावर हात ठेवून त्यांनी विचारलं, आता पुढे घरमालक काय म्हणेल असं वाटतं? भाडं वाढवेल, म्हणालो. कशावरून, म्हणाल्या, मजकुरातला आधार दाखवा. ताइफला गुलाबाच्या बागा बघायला आम्ही दोन्ही कुटुंबं एका गाडीने गेलो, तेव्हा प्रत्येक पाटीपाशी त्यांनी नवऱ्याला पुढच्या पाटीचा अंदाज करायला लावला. त्या माणसाने शेवटी, पुढच्या पाटीवर 'उतरा आणि चालत जा' असं लिहिलेलं असेल, असा अंदाज केला.

दुसरा सराव शांत राहण्याचा. प्रश्न विचारल्यावर मुलाला विचार करायला वेळ द्यायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं. बाईंना मनात मोजता येत नसे. "चहा घेणार का?" असं विचारून त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहत आणि ओठ हलवून "एक, दोन, तीन" मोजत. त्यात आपण 'हो' म्हटलं तरी त्यांचं पाच झाल्याशिवाय चहा येत नसे. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, तो मल्याळी दुकानदार तर त्या मोजू लागल्या की घाबरून आणखी एक जुडी कोथिंबीर पिशवीत टाकी.

मग आपल्याच तासाचं चित्रीकरण करून बघायचं होतं. ते बघायला बाई लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आल्या, कारण एकटीने बघायचं धाडस होत नव्हतं. सुरुवातीपासून पडद्यावर बाईच बोलत होत्या. मुलं मधूनमधून दिसत, पण झाडं दिसावीत तशी. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतःच आवाज बंद केला. "मी केवढी बोलते हो," म्हणाल्या. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी पाचपर्यंत मोजलं.

हळूहळू त्यांच्या वर्गाची रीत बदलली. रोज एका मुलाला जवळ बसवून, त्याच्या बेताचं पुस्तक त्याच्याकडून ऐकायचं आणि तो कुठे अडतो ते वहीत लिहून ठेवायचं, असं चालू झालं. कोलंबियाच्या बाई महिन्यातून दोनदा येत, मागे बसत आणि जाताना एखादीच गोष्ट सुचवत. त्यांचा आता बाईंना राग येत नसे. उलट त्या यायच्या दिवशी डब्यात थालीपीठ जास्तीचं असे.

सलमाचं मात्र सगळं अवघड झालं. अर्थ शोधत वाचायचं म्हटल्यावर तिचा तो ओघ गेला. ती अडखळू लागली, मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचू लागली. तिच्या वडिलांनी शाळेत येऊन सभ्यपणे विचारलं, की आमची मुलगी आधी छान वाचत होती, मग आता काय झालं. बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, की आधी चूक माझी होती, थोडा धीर धरा. घरी येऊन त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, असं त्यांच्या नवऱ्याने मला लिफ्टमध्ये सांगितलं.

मे महिन्यातली गोष्ट. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघालो होतो आणि बाई शाळेच्या गाडीतून उतरून जिन्याच्या पायरीवरच बसल्या होत्या, उन्हाने घामाघूम. त्यांनी सांगितलं ते असं: तास संपला होता, मुलं गेली होती, आणि सलमा गाडीची वाट बघत कोपऱ्यात एक पुस्तक घेऊन बसली होती. आवाज नाही, ओठही हलत नव्हते. बाई फळा पुसत होत्या. आणि मधेच ती पोर एकटीच हसली.

"खुदकन. मी वळून बघितलं तर तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं," बाई म्हणाल्या.

कशाला हसली, मी विचारलं.

"नाही विचारलं."

पुढच्या महिन्यात सलमाच्या वडिलांचं इथलं काम संपलं आणि ते कुटुंब अम्मानला परत गेलं. बाईंनी तिला ते पुस्तक देऊन टाकलं. नवं वर्ष, नवी मुलं आली. कोलंबियाच्या बाईही त्यांच्या देशी गेल्या. पण अजूनही कधी संध्याकाळी बाई आमच्याकडे चहाला बसल्या असताना बोलता बोलता थांबतात, आणि काय असेल हो त्या पानावर, असं स्वतःशीच म्हणतात. मग आम्ही तिघंही पाचपर्यंत मोजतो.