पालथी वाटी

कोणी डोळे मिटून बसलेलं दिसलं की ताई उजव्या हाताची मागची बाजू त्याच्या नाकाखाली धरत. दोन श्वास हाताला लागले की हात काढून घेत आणि स्वतःशीच म्हणत, “खात्री केलेली बरी.”

आमच्या बुलडाण्याच्या ऑफिसात जेवणानंतर खुर्चीत मान टाकणाऱ्या प्रत्येकानं हे अनुभवलं आहे. शिपाई एकदा दचकून उठला आणि म्हणाला, “ताई, जिवंत हाय मी. दिवाळीचा बोनस घेतल्याबिगर जात नसतो.” सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं ठेवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

ताई आमच्या वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत निधनवार्तांचा रकाना सांभाळत. मी त्याच आवृत्तीची पानं छपाईला जाण्याआधी तपासतो. मी रुजू होण्याच्या आधी एकदा फोनवर कोणीतरी निधन कळवलं, ताईंनी लिहिलं आणि ते छापून आलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तो माणूस स्वतः ऑफिसात आला. अंकाची घडी काखेत होती. ताईंसमोर बसून म्हणाला, “बाई, मले नीट पाहून घ्या बरं.” तो रागावला नव्हता, चहा पिऊन गेला. ताईंना तेच सहन झालं नाही. तो रागावला असता तर गोष्ट तिथं संपली असती.

तेव्हापासून प्रत्येक निधनवार्तेसाठी त्या दोन उलट फोन करत. एक घरच्यांना, एक शेजाऱ्यांना. अलीकडे मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागला, हार घातलेला फोटोही सोबत असे, तरी त्यांचे दोन फोन चुकले नाहीत. फोन वाजला की त्या आधी उभ्या राहत, मग उचलत. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या भीतीवर सगळे हसतात आणि त्याच भीतीमुळे सगळ्यांच्या चुका वाचतात.

ऑफिसातून बस स्थानकाकडे जाताना डाव्या हाताला पाळीव प्राण्यांचं एक दुकान आहे. काचेच्या टाक्यांत मासे, वर टांगलेले लव्हबर्ड, खाली एकावर एक रचलेले पिंजरे. शनिवारी ताईंची सुट्टी लवकर होई आणि त्या दुकानात जात. पहिल्यांदा त्यांनी एक ससा आणला. त्याच्या एका डोळ्यावर खपली होती. मग शेपूट झडलेली लव्हबर्डची जोडी, मग एक मांजर, असं चालूच राहिलं. त्यांची निवड ठरलेली असे. दुकानातलं जे सगळ्यांत आधी मरेल असं वाटे, ते त्या उचलत.

“हे इथंच राह्यलं तं सोमवार पाहत नाही,” असं त्या दुकानातच म्हणत, दुकानदाराच्या समोर.

निम्मी जनावरं घरी आल्यावर चार-आठ दिवसांत मरत. ताईंसोबत त्यांची म्हातारी आई राहत असे, मोताळ्याकडची. तिनं एकदा मला ऐकवलं, “एखादी बकरी आणली असती तं दूध तरी भेटलं असतं. हे माही पोरगी मौती घेऊन येते इकत.”

मी ताईंना एकदा स्पष्ट म्हणालो, “ताई, तुम्ही एक सोडवता, तो दुसरं आणतो. तुमच्यामुळेच त्याचं चालतं.”

“समजते मले ते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण ते माह्याकडं पाहते न.”

मी मान डोलावली आणि पान तपासायला बसलो.

त्या उन्हाळ्यात एका गुरुवारी मी मुलीच्या माशांसाठी खाद्य घ्यायला त्या दुकानात गेलो. सगळ्यांत खालच्या पिंजऱ्यात कुत्र्याचं एक तपकिरी पिल्लू होतं, दोनेक महिन्यांचं. उजवा कान टोकाला चिरलेला होता. ते आडवं पडलं होतं आणि जीभ पिंजऱ्याच्या तारेला लागली होती. बाकी सगळ्या पिंजऱ्यांत पाणी होतं. इथली वाटी पालथी होती. मला वाटलं, पिल्लानं सांडली असेल.

“इथलं पाणी सांडलंय वाटतं,” मी म्हणालो.

दुकानदार अतिशय सभ्य माणूस. आलेल्या प्रत्येकाला तो आधी खुर्ची देतो. “सांडलं नाही साहेब, मीच ठेवली पालथी,” तो माशांचं खाद्य पुडीत भरत म्हणाला. “ते शनिवारवाल्या मॅडमचं हाय. तरतरीत जनावर त्या पाहतच नाहीत. बुधवारपासून जरा कमी दिलं की शनिवारी निघते.”

त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, समजूत घातल्यासारखा तो म्हणाला, “गिऱ्हाइकाले जे लागते ते ठेवा लागते, साहेब.”

या व्यवसायात मी अपघात पाहिले, शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर तासन्‌तास उभा राहिलो. त्या दुकानातून बाहेर पडताना जशी भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती. आवाज चढवणाऱ्या माणसाची बातमी करता येते. हा माणूस पुडीला व्यवस्थित दोरा बांधत होता.

शुक्रवारी मी ताईंना सांगितलं. त्यांनी सवयीनं विचारलं, “सांगितलं कोणं?”

“त्यानंच.”

“दुसरं कोणी?”

“मी वाटी पाहिली.”

दोन साक्षी झाल्या. ताई बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. ससा, जोडी, मांजर. सातव्या बोटाशी थांबल्या. “म्हणजे आधी ते बिमार नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी येतो म्हणून झाले.” नंतर त्यांनी फोन उचलला, एका निधनवार्तेची खात्री केली. आवाज नेहमीसारखा होता. रिसीव्हर मात्र दोन्ही हातांनी धरला होता.

शनिवारी आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं खुर्ची पुढं केली. ताई बसल्या नाहीत. पिल्लानं मान उचलली, एवढंच त्याला जमलं.

“पाणी द्या त्याले,” ताई म्हणाल्या.

“घेऊन जा न मॅडम. घरी मनसोक्त पाजा.”

“मी नाही नेणार.”

“बरं,” तो म्हणाला आणि टाकीची काच पुसायला लागला.

ताईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि वाकल्या. “नाही मॅडम,” तो मागं न वळता म्हणाला, “मालाले हात नको. घेतलं की तुमचं.” ताई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग झाकण लावून त्या बाहेर आल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, “उद्या रविवार, भाऊ. शटर बंद राहते.”

त्यांना बसमध्ये बसवलं. बस वळणाआड गेली तसा मी मागं फिरलो आणि पिल्लू विकत घेतलं. ताईंना जे सांगितलं होतं ते सगळं मला पाठ होतं. तरी घेतलं. दुकानदारानं खोक्याला हवेसाठी भोकं पाडून दिली.

रविवारचं मला नंतर कळलं. ताई सकाळी नऊला दुकानापुढं येऊन बसल्या होत्या. बंद शटरला कान लावला होता. आत पक्ष्यांचा आवाज होता, पिल्लाचा नव्हता. बारापर्यंत त्या बसल्या. शटर उन्हानं तापत गेलं, तरी त्यांनी कान काढला नाही. कानाची पाळी सोमवारीही लाल होती.

सोमवारी संध्याकाळी पान माझ्याकडे तपासायला आलं. निधनवार्तांच्या रकान्यात शेवटी चार ओळी होत्या. “शहरातील बस स्थानक मार्गावरील एका दुकानातील कुत्र्याच्या पिल्लाचे रविवारी निधन झाले. ते अंदाजे दोन महिन्यांचे होते. रंग तपकिरी, उजवा कान चिरलेला. त्याच्या पश्चात त्याच पिंजऱ्यात येणारी पुढची पिल्ले असा परिवार आहे.”

अशी ओळ छापली गेली तर ताईंची नोकरी जाणार हे उघड होतं, माझीही गेली असती. पण मी थांबलो तो दुसऱ्याच कारणानं. ताईंनी पुन्हा एका जिवंताचं निधन लिहिलं होतं.

“हे जाणार नाही, ताई,” मी म्हणालो.

“माह्या नावावर जाऊ द्या. मी पाहीन काय होते ते.”

“तसं नाही. ते जिवंत आहे.”

ताई उठून उभ्या राहिल्या, फोन वाजल्यावर राहत तशा. “खात्री?”

“माझ्या घरी आहे. शनिवारीच घेतलं मी.”

त्यांनी टेबलाची कड धरली. “पाणी पेलं?”

“पेलं. ओकलं. मग परत पेलं.”

त्यांनी डोळे मिटले. आता माझ्यावर चिडतील किंवा रडतील असं मला वाटलं. डोळे उघडले तेव्हा त्या आधीपेक्षा घाबरलेल्या होत्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “मग या शनिवारी त्या पिंजऱ्यात कोण राहीन?”

ओळी त्यांनी स्वतःच्या हातानं काढल्या. रिकाम्या जागेत कार्यक्रमाची एक छोटी बातमी टाकली.

शनिवारी मी ताईंसोबत जात असताना दुकानदारानं मला दुकानातूनच हाक मारली. “साहेब, या न. तुमच्यासाठी ठेवलं हाय.” खालच्या पिंजऱ्यात एक पांढरं पिल्लू होतं. वाटी पालथी. आतापर्यंत मी जे लांबून पाहत होतो, ते आता माझ्या नावानं होत होतं. माझे पाय पायरीशीच थांबले.

ताई माझ्या पुढं होऊन आत गेल्या. खुर्ची आली. त्या बसल्या नाहीत.

“मी घ्याले नाही आली,” त्या म्हणाल्या. “पाहाले आली.”

“पाहा न मॅडम,” तो हसला. “पाहाले कुठं पैसे पडतात.”

ताई दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. एक बाई लहान मुलीला घेऊन लव्हबर्ड पाहायला आली. ताई तिला म्हणाल्या, “बाई, घ्याच्या आधी खालची वाटी पाहून घ्या.” बाईनं वाकून पाहिलं आणि मुलीचा हात धरून निघून गेली. नंतर दोन कॉलेजची मुलं आली, तीही गेली. दुकानदाराचं हसणं थांबलं. दीडेक तासानं तो उठला, वाटी सरळ केली, तीत पाणी ओतलं आणि परत जागेवर बसला. पिल्लाच्या पाणी पिण्याचा आवाज तेवढा येत होता.

बाहेर आल्यावर ताईंनी माझं कोपर घट्ट धरलं. “पुढच्या शनिवारी यावं लागते आता,” त्या म्हणाल्या. कोणीतरी शिक्षा सुनावल्यासारखं म्हणाल्या.

तक्रार का केली नाही, असं तुम्ही विचाराल. केली. चौकशीला माणूस आला त्या दिवशी सगळ्या वाट्या भरलेल्या होत्या. अर्ज निकाली निघाला.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ताई दर शनिवारी त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी काही विकत घेतलं नाही. शुक्रवारपासून त्यांचं जेवण कमी होई. एकदा दुकानदाराचा साळा मोटारसायकल आडवी लावून म्हणाला, “मॅडम, घर कोणत्या गल्लीत हाय तुमचं?” ताईंनी सांगितलं. गल्ली, दाराचा रंग, समोरचा हातपंप, सगळं.

“सांगायचं कशाला?” मी वैतागून म्हणालो.

“विचारलं तं सांगितलं. चुकीची माहिती कशी द्यावी?”

त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी दाराला आतून पाटा टेकवून ठेवला. शनिवार मात्र चुकवला नाही. त्या वर्षात त्यांच्या घरी एकही जनावर मेलं नाही, कारण नवं आलंच नाही. दुकानात बुधवारपासून काय होत होतं ते मला माहीत नाही. शनिवारी तरी वाट्या भरलेल्या असत.

मग निधनवार्तांचा रकाना मुख्य कार्यालयानं स्वतःकडे घेतला. आता लोक मोबाइलवर अर्ज भरतात, उलट फोन कोणी करत नाही. ताईंना कामावरून निरोप मिळाला. आईला, सशाला आणि मांजराला घेऊन त्या मोताळ्याकडे भावाच्या घरी गेल्या. जाण्याआधी एकदा माझ्याकडे आल्या होत्या. कुत्रं फरशीवर झोपलं होतं. त्यांनी चिरलेला कान पाहिला, वाकून नाकाखाली हात धरला. कुत्र्यानं डोळे न उघडता हात चाटला. ताईंनी हात लगेच काढला नाही. जाताना दारात म्हणाल्या, “आता शनिवारी कोण जाईन, भाऊ?” मी म्हणालो, पाहू.

शनिवारी संध्याकाळी मी कुत्र्याला फिरवतो. बस स्थानकाच्या वळणावर ते खाली बसतं. ओढलं तरी उठत नाही, मागचे पाय थरथरतात. तिथून दुकान दिसतं, खालचा पिंजरा दिसतो. वाटी दिसत नाही. कित्येक शनिवार मी त्या वळणावरूनच मागं फिरलो. कुत्रं घाबरतं, असं घरी सांगत होतो.

गेल्या शनिवारी मी दोरी विजेच्या खांबाला बांधली आणि एकटा पुढं गेलो. वाटी पालथी होती.

“या साहेब,” म्हणत दुकानदारानं खुर्ची पुढं केली.

मी बसलो नाही.