कोंबडीचा पंजा

"तुला एवढंच विचारतील, की त्या दिवशी तू घरात होतीस का. तू म्हणायचं, हो, होते."

"होतेच की."

"झालं तर मग."

"आणि पुढे विचारलं तर? घरात होतीस, तर काय करत होतीस?"

"पुढे नाही विचारणार."

"एमिल, पुढचं विचारायलाच वकील ठेवतात."

एमिल ब्रांडहॉर्स्ट खिडकीकडे तोंड करून उभा होता. बायकोशी भांडणारा माणूस निदान बायकोकडे बघून तरी भांडतो. पण टेबलावर कोंबडी होती. ओटिलीनं ती आत्ताच मागच्या अंगणात कापली होती, कढत पाण्यात बुडवून काढली होती आणि आता ती मुठीमुठीनं पिसं उपटत होती. ओल्या पिसांचा तो वास एमिलला सोसायचा नाही. लग्न झाल्यापासून दर शनिवारी हेच. रविवारी नूडल्स घातलेलं सूप मात्र तो दोनदा मागून घ्यायचा.

"इकडे बघून बोल ना," ओटिली म्हणाली.

"बोलतोय की."

"दुपारी हॉटेलात जाऊन तू शपथेवर सांगणार, मी कोंबडी साफ करत होतो आणि मला बटणाच्या यंत्राची पकड सुचली. मग ही घे." तिनं कोंबडी तंगडीला धरून उचलली. "कर साफ. तेवढाच सराव."

"टिली, चेष्टा नको."

"चेष्टा मी करतेय?"

खिडकीच्या चौकटीला त्यानं दोन्ही हात टेकले होते. फार चांगले हात होते एमिलचे. लांब, शांत, कधीही न थरथरणारे. ओटिली त्या हातांवरच भाळली होती.

"इथं कोणी नाहीये," ती जरा आवाज उतरवून म्हणाली. "ना वकील, ना लिहून घेणारा. इथं तरी म्हण."

"काय म्हणू?"

"ते कुणाचं आहे ते."

"आपलं आहे."

"घर आपलं आहे. अंगणातला कुत्रा आपला आहे. ते माझं आहे."

"हळू बोल. खिडकी उघडी आहे."

"तूच उघडलीस. वास येतो म्हणून."

खरं तर मस्कटीनमध्ये वासाला खिडकी उघडून उपयोग नव्हता. मिसिसिपीच्या काठचं ते गाव शिंपल्यांवर जगायचं. नदीतून शिंपले ओढायचे, काठावर मोठमोठ्या कढयांत शिजवायचे, आतलं मांस डुकरांना टाकायचं आणि कवचांतून चकत्या कापून त्यांची बटणं करायची. अर्ध्या अमेरिकेचे सदरे या गावच्या बटणांवर बंद व्हायचे. भोकं पडलेली कवचं रस्त्यावर पसरायचे, त्यावरून गाडी गेली की दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा.

ओटिलीचा बाप होडी घेऊन शिंपले काढायचा. आई जर्मनीतून येताना सोबत आणलेली एकच गोष्ट कधी विसरली नाही, ती म्हणजे शनिवारची कोंबडी. कापून झाली की पाय पोरांच्या हातात. पायाच्या तुटक्या टोकाला पांढरी दोरीसारखी शीर लोंबते, ती ओढली की मेलेल्या कोंबडीची बोटं मिटतात. ओटिलीचा धाकटा भाऊ फ्रिट्झ तो पंजा तिच्या वेणीवर मिटवायचा आणि म्हणायचा, "म्हण, फ्रिट्झ राजा आहे. म्हण, नाहीतर सोडणार नाही." ती म्हणायची. मग तो सोडायचा आणि पुन्हा पकडायचा. फ्रिट्झ घटसर्पानं गेला तेव्हा त्याचे पुढचे दुधाचे दात पडून नुकतेच नवे आले होते. त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता. होता तो हा खेळ, आणि तो माहीत असलेली ओटिली.

मोठी झाल्यावर तीही कारखान्यात बसली. फिरत्या चाकावर पितळी पकडींची रांग, प्रत्येक पकडीत एक चकती ठेवायची, पुढे वरून गिरमिट येऊन तिला भोकं पाडायचं. पण शिंपलं म्हणजे काही छापलेला पत्रा नव्हे. एक चकती जाड, एक पातळ. जाड बसली तर पातळ हलणार. हललेल्या चकतीवर गिरमिट उतरलं की चकती फुटायची, नाहीतर गरकन फिरून उडायची. फुटकी चकती पोरींच्या नावावर. एकदा अशीच तिरकी झालेली चकती सरळ करायला ओटिलीनं बोट घातलं आणि गिरमिट चकती सोडून बोटात उतरलं. "बरं झालं," शेजारची पोरगी चिंधी बांधता बांधता म्हणाली, "आता टिलीला कुठल्याही सदऱ्यावर शिवता येईल." सगळ्या हसल्या. टिलीही हसली. त्या बोटाचं टोक पुढे कायमचं बधिर राहिलं.

एमिल त्याच कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. लग्नानंतरच्या एका शनिवारी ओटिली ओरडत त्याच्याकडे गेली होती. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात कोंबडीचा पाय.

"हे बघ. एमिल, बघ ना रे. ओढलं की मिटतं. आता आपली पकड अशी कर, की वरून गिरमिटानं दाबलं की ते दाबणंच तिची बोटं ओढेल. जितकं दाबेल तितकी घट्ट. चकती जाड असो की पातळ."

"आधी ते बाहेर नेऊन टाक," एमिल डोळे मिटून म्हणाला होता. "आणि मग सांग."

तिनं सांगितलं, त्यानं पितळेत घडवलं. ती म्हणायची, हे नाही. तो पुन्हा घडवायचा. ते दिवस फार चांगले होते. एवढं ओटिलीनं आजही कबूल केलं असतं.

मग पेटंट काढायला दोघं व्हिटकम वकिलाकडे गेले. व्हिटकमनं चष्मा पुसत विचारलं, "कल्पना कुणाची?" एमिलनं टिलीकडे बघितलं, टिलीनं एमिलकडे. तेवढ्यात व्हिटकमनं एमिलचं नाव लिहायला घेतलंही होतं. "बाईचं नाव घातलं," तो म्हणाला, "तर कारखानदार म्हणतील, हे बटाटे सोलायचं असणार." एमिल हसला. आणि ओटिलीही हसली. त्यानंतर किती वर्षं गेली, पण ते स्वतःचं हसू तिच्या कानातून गेलं नाही. मग एमिलनं उजवा हात वर करून शपथ घेतली, या वस्तूचा पहिला आणि एकमेव शोधक मीच. त्याची टोपी ओटिलीनं धरली होती.

"पुढच्या यंत्रावर तुझं नाव," घरी येताना तो म्हणाला.

पुढचं यंत्र आलंच नाही. पण ही एक पकड पुरली. घरामागे शेड उभी राहिली, तिथं बायका बसून पकडी जुळवायला लागल्या. नदीकाठचे लहान लहान बटणवाले पकडी घेऊन जायचे. आणि एमिलची गोष्ट तयार झाली. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, कुणी विचारलं की तो सुरू व्हायचा, "मी आपला कोंबडी साफ करत बसलो होतो..." पहिल्यांदा सांगताना त्यानं ओटिलीकडे चोरून बघितलं होतं. पुढे पुढे बघेनासा झाला. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की त्याला आता तसंच आठवतंय.

मग नदीच्या वरच्या अंगाला एका बड्या कारखान्यानं जशीच्या तशी पकड बनवली. एमिलनं दावा लावला. बड्या कारखान्यानं शिकागोहून वकील आणला, हॅलोवेल नावाचा. जबान्या गावातल्या हॉटेलात घ्यायचं ठरलं. परवा व्हिटकम घरी आला तेव्हा ओटिलीनं त्याला दारातच गाठलं होतं.

"मी खरं सांगितलं तर पेटंट माझ्या नावावर होईल?"

"नाही, बाई. रद्द होईल. शोधक भलताच लिहिला असेल तर ते पेटंटच नव्हे. ना त्यांचं, ना तुमचं. मग वाटेल त्यानं पकड बनवावी. तुमची शेड महिनाभर टिकणार नाही."

"म्हणजे ते माझं आहे हे मी सांगितलं, की त्या क्षणापासून ते कुणाचंच नाही."

"कायद्यानं ते तुमचं कधीच नव्हतं."

"लिहिलं तुम्हीच होतं."

व्हिटकम टोपी शोधायला लागला. टोपी त्याच्या हातातच होती. जाता जाता म्हणाला, "हातमोजे घालून या. उकडेल, पण घाला. ते बोट उगाच कुणाला दिसायला नको."

दुपारी हॉटेलच्या वरच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. लांब टेबलाच्या एका टोकाला सरकारी अधिकारी, शेजारी लिहून घेणारा कारकून. मधोमध एमिलची पितळी पकड आणि बड्या कारखान्याची पकड, जुळ्या बहिणींसारख्या. हॅलोवेल बारीक आवाजाचा, फार सभ्य माणूस होता. लिंबाचं सरबत त्यानं आधी ओटिलीपुढे सरकवलं.

एमिलनं गोष्ट सांगितली. छान सांगितली. सवयच होती.

"वा," हॅलोवेल म्हणाला. "आता मी शहरातला माणूस, मला कोंबडी ताटातच भेटते. पायाची शीर ओढली की बोटं मिटतात, हे तुम्हाला कुठून ठाऊक?"

हा प्रश्न न्हाव्याच्या दुकानात कुणी विचारला नव्हता. एमिलनं ओठांवरून जीभ फिरवली.

"लहानपणापासून," तो म्हणाला. "खेळायचो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि माझा भाऊ."

ओटिलीनं मान वर केली. चार बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता एक मुलगा होता एमिल.

"भावाचं नाव?"

एमिलनं तिच्याकडे बघितलं. अगदी त्या दिवशी व्हिटकमच्या कचेरीत बघितलं होतं तसंच. मग नजर काढून घेतली.

"फ्रिट्झ."

"त्यांना बोलावता येईल?"

"वारला. लहानपणीच. घटसर्प झाला." एमिलनं समोरच्या पकडीवर बोट टेकवलं. "पंजा घेऊन यायचा आणि म्हणायचा, म्हण, फ्रिट्झ राजा आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाटकी नाही, खरंखुरं. कारकुनाची लेखणी करकरत होती.

"माफ करा," हॅलोवेल हळूच म्हणाला. "माझे प्रश्न संपले. आता मिसेस ब्रांडहॉर्स्ट."

ओटिली खुर्चीत बसली. त्या दिवशी तुम्ही घरात होतात का? हो, होते. व्हिटकमनं श्वास सोडला. मग हॅलोवेल म्हणाला, "इतकं उकडतंय, बाई. हातमोजे काढलेत तरी चालेल."

"थंडी वाजते त्यांना," व्हिटकम घाईनं म्हणाला.

"जुलैत?"

ओटिलीनं मोजे काढून मांडीवर ठेवले. हॅलोवेलनं बोटाकडे बघितलं, पण त्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्याला दुसरंच विचारायचं होतं.

"परवा तुमच्या गावात दाढी करून घेतली मी. न्हावी सांगत होता, ब्रांडहॉर्स्टच्या गालाला वस्तरा लागला तर आधी आरसा झाकावा लागतो, नाहीतर खुर्चीतच भोवळ. गंमत करत असेल. मला एवढंच सांगा, शनिवारी तुमच्या घरी कोंबडी कोण कापतं?"

"हरकत आहे," व्हिटकम उठून उभा राहिला. "याचा पेटंटशी काय संबंध?"

"हरकत नोंदवतो," अधिकारी म्हणाला. "साक्षीदारानं उत्तर द्यावं."

साधा प्रश्न होता. पोरसुद्धा सांगेल असा. 'मी' म्हटलं की शेड बंद; बाकांवर बसणाऱ्या बायका उद्या परत त्याच फिरत्या चाकापुढे, बोटं घेऊन. 'तो' म्हटलं की सगळं शाबूत. पेटंट शाबूत, शेड शाबूत, आणि फ्रिट्झ एमिलचा.

ओटिली कारकुनाकडे वळली.

"मघाशी यांनी भावाचं नाव सांगितलं, ते लिहिलंत?"

"लिहिलं, बाई."

"ते खोडता येतं का?"

कारकून गोंधळला. त्यानं अधिकाऱ्याकडे बघितलं. "नाही बाई. शपथेवरचं आहे. लिहिलं ते राहिलं."

"कायमचं?"

"कायमचं."

"बाई," हॅलोवेल मऊ आवाजात म्हणाला, "माझा प्रश्न राहिला. कोंबडी कोण कापतं?"

"टिली," एमिल म्हणाला. त्याचे हात टेबलावर होते. पहिल्यांदाच तिनं ते थरथरताना बघितले. "टिली, सांग ना त्यांना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काय सांग म्हणतोय, हे त्याला तरी कळत होतं का कोण जाणे. मग ती उठली. मांडीवरचे मोजे खाली पडले, ते तिनं उचलले नाहीत. दोन पकडींच्या शेजारून, व्हिटकमच्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून ती दाराशी गेली.

"उत्तर काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

ओटिली तोवर जिना उतरायला लागली होती.