मल्लव्वा सिस्टरला वॉर्डबंदी

मल्लव्वा जयसिंगपूरची. कोल्हापुरात आम्ही दोघी एकाच दवाखान्यात नर्स होतो. पंचाहत्तर साली ती एम.एस्सी. नर्सिंग करायला दिल्लीला निघाली, तेव्हा बाकीच्या म्हणाल्या, सुटली एकदाची. कारण आमच्याकडं पदवी मिळाली की नर्स पेशंटला हात लावत नाही. पांढरा पोशाख जातो, रंगीत साडी येते आणि बाई टेबलामागं बसते. असा काही नियम नाही, पण रिवाज मोडायची कुणाची छाती नव्हती.

मल्लव्वा मला स्टेशनवर म्हणाली होती, "शिकून येतो आणि वॉर्डातच पोरींना शिकवतो, बघ."

परत आल्यावर तिला दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत शिकवायला नेमलं. तिनं मुली उचलल्या त्या थेट पुरुषांच्या वॉर्डात नेल्या. मुरगूडचे आकारामअण्णा, अर्धं अंग लुळं पडलेलं. पदर खोचून ती त्यांची पाठ पुसायला लागली. तेवढ्यात मेट्रन कालिंदीबाई आल्या आणि भर वॉर्डात कडाडल्या, "शिकवायचं ते वर्गात. तिथं पुतळा दिलाय. वॉर्डात यायचं असेल तर शिकवणं सोडा. एक काय ते ठरवा."

पुतळा! त्याची ना पाठ सोलते, ना त्याला लाज वाटते. असल्या रबरी मढ्याला अंघोळ घालून पोरी नर्स होणार होत्या. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मल्लव्वानं वॉर्ड घेतला. तिची आई बसव्वा रडून म्हणाली, "ह्याच्यासाठी दिल्ली केलीस व्हय?"

मग मुली ड्यूटीवर आल्या की मल्लव्वा अण्णांशीच मोठ्यानं बोलायला लागली. "अण्णा, आता तुमाला कुशीवर वळवतो. आधी गुडघा मोडायचा, मग खांद्याला हात. ओढायचं न्हाई, कातडं सोलतं." मुली चादरीच्या घड्या घालत ऐकायच्या. पेशंटशी बोलू नका, असं कालिंदीबाई कुठल्या तोंडानं सांगणार? पण एवढं शिकलेल्या बाईनं चोरून शिकवायचं, याची मला इतकी चीड यायची की हातातला ट्रे आपटावासा वाटायचा.

शेवटी अण्णाच वैतागले. तोंड वाकडं, शब्द जड, तरी दारातल्या मेट्रनला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "बाई, मला रोज काय सांगताय? मी काय सोताला वळवणार हाय? पोरींकडं बघून सांगा की."

मल्लव्वानं दाराकडं पाठ केली आणि मुलींकडं बघून पहिल्यापासून सांगितलं, एकेकीचा हात धरून करून घेतलं. कालिंदीबाई दारातूनच ऑफिसकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी तिची बदली बाहेरच्या पेशंटांच्या खिडकीवर झाली. तिथं ना खाट, ना मुली. आमच्यातली एकुलती एक एम.एस्सी. झालेली नर्स केसपेपरवर लोकांची नावं लिहीत बसली.