जेवल्या घरची खोट

लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गुरुलिंगअप्पांनी डाळमिलच्या वर चार खोल्या चढवल्या आणि ‘विद्यापीठ’ अशी पाटी लावली, तेव्हा आडत्यांनी पोट धरून हसून घेतलं. आता डाळीला पदवी देणार का, म्हणाले. अप्पांना आपल्या माणसांना तिथंच व्यवस्थापन शिकवायचं होतं, शिकलेली नवी पोरंही हवी होती. त्यासाठी जोडीला एक कॉलेज पाहिजे होतं. नांदेडच्या एका लहान कॉलेजातून महामाया पुढं आली.

महामाया कंधारची. तिची आजी नागुबाई जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबली. नात एमबीए शिकवते. बाई हुशार, पण डोकं तापट. प्राचार्यसुद्धा तिच्याशी जपून बोलतात. तिच्या वर्गातली मुलं जळकोट, मुखेड, कंधारकडची. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडं फिरकत नव्हत्या. अप्पांशी करार झाला तर मुलांना निम्मं वर्ष वर्ग, निम्मं वर्ष मिलमध्ये पगारी काम आणि पुढं नोकरी. नाही झाला तर अप्पांचा पुण्याहून आलेला प्रशिक्षणप्रमुख सत्यम पुण्याच्या संस्थेला बोलावणार होता. त्यानं ते लपवलंही नव्हतं.

अप्पांची माणसं मुलांना पारखणार होती, त्या दिवशी ती त्यांना घेऊन लातूरला आली. सकाळभर मिल पाहून झाली. दुपारी अप्पांनी सगळ्यांना घरी नेलं. त्यांच्या मंडळी उमाबाईंनी येसर आमटी आणि भाकरी आग्रह करकरून वाढली. अप्पा स्वतः महामायेच्या शेजारी बसले, तिच्या आमटीवर तूप सोडलं. नागुबाईला असल्या घरांच्या दारात ओंजळीनं पाणी प्यावं लागलं होतं. ते आठवत महामाया जेवली.

जेवून सगळे पुन्हा वरच्या खोलीत आले. सत्यमनं मुलांना विचारलं, आमच्या धंद्यात काय चुकतंय ते सांगा. चूक कुणी सांगेना. एकानं सगळं छान आहे म्हटलं, दुसऱ्यानं स्वच्छतेची तारीफ केली. सत्यमनं लॅपटॉप मिटला. या मुलांना चूक दिसतच नाही, मग व्यवस्थापन काय करणार, असं त्यानं महामायेला हळूच सुनावलं.

ती मुलांना घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यावर भडकली. तेव्हा जळकोटची दामिनी खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, आत्ताच जेवलो त्यांच्या घरी. हात वाळला न्हाई अजून. लगेच त्यांच्यातच खोट कशी काढावी?”

महामाया तशीच वळली आणि थेट अप्पांसमोर उभी राहिली.

“अप्पा, तुम्ही पोटभर जेवू घातलं आन् मग ‘आमच्या चुका काढा’ म्हणायलात. आमच्याकडची लेकरं तसं करत नसतात. ऐकायचं असंल तर तुम्ही स्वतः मोकळीक द्या. न्हाईतर आम्ही निघतो.”

सत्यमचा चेहरा उतरला. अप्पांच्या मिलमध्ये अप्पांशी असं कुणी बोलत नाही. अप्पांनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं, खुर्ची ओढली आणि मुलांच्या मधोमध जाऊन बसले.

“लेकरांनो, जेवलात ते पाहुणे म्हणून. आता घरचे म्हणून बोला. दिसलेलं लपवलं तर मला वाईट वाटंल.”

दामिनी उठली. “अप्पा, ओलावा मोजायचं यंत्र खिडकीच्या आत हाय. त्या आकड्यावर भाव कापतात, पण तो तुमच्या माणसालाच दिसतो, तूर आणणाऱ्याला न्हाई. माझे वडील इथंच आणायचे. आता उदगीरला नेतात.”

मग बाकीच्यांचीही तोंडं उघडली. निवडायला बसणाऱ्या बायांना पाठ टेकायला जागा नाही. माल उतरायला गाड्या उन्हात ताटकळतात. अप्पांचा चेहरा लाल होत गेला. करार गेला, असं महामायेनं मनाशी धरलं.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर अप्पा खाली गेले आणि माणसं लावून यंत्राचं तोंड शेतकऱ्याला आकडा दिसेल असं खिडकीबाहेर फिरवून घेतलं. वर येऊन सत्यमला म्हणाले, कराराचे कागद तयार कर. सत्यमनंही, आपला प्रश्न बरोबर होता पण वेळ चुकली, असं मुलांसमोर कबूल केलं. तेवढं मोठं मन पुण्याहून आलेल्या माणसानं दाखवलं, हेही लिहून ठेवायला हवं.

मालकानं ऐकून घेतलं म्हणून आरती ओवाळणारी महामाया नव्हे. मुलांनी जागा मिळवली ती स्वतःच्या तोंडानं. तरी सहीच्या दिवशी ती अप्पांकडं गेली.

“अप्पा, आभार मानते. करारासाठी न्हाई. लेकरं बोलत होती तेव्हा तुम्ही उठून गेले न्हाईत, त्यासाठी.”

“लई जड गेलं बाई ते,” अप्पा म्हणाले.

“ठाऊक हाय. म्हणून तर मानते.”