विहिरीपासून वीस पावलं

नाशकात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या काळी मला एक वाईट खोड होती. गिऱ्हाइकाचा टीव्ही आठवडाभर उघडा पडलेला चालेल, पण माझ्या डोक्यात शिरलेलं यंत्र आजच्या आज झालं पाहिजे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी असंच एक धातू शोधायचं यंत्र बनवलं. पिठाच्या चाळणीची लाकडी कड, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, प्लॅस्टिकच्या नळीचा दांडा आणि वर साबणाच्या डबीत सर्किट. धातू आला की ते 'कुईं' करायचं. घरातला खिळा, चमचा आणि बायकोच्या बांगड्या त्यानं अचूक ओळखल्या आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

त्या यंत्राला खरं काम दिलं ते सिन्नरजवळच्या माझ्या मामांनी.

मामा अकरा वर्षांचे असताना नांगरामागं चालता चालता त्यांना एक फुटकं बोळकं आणि त्यात जुनी नाणी सापडली होती. जमिनीतलं धन ज्याचं त्याला परत करावं, नाहीतर ते घराला लागतं, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यांच्या वडिलांनी सांगितलं, "विहिरीपासून उगवतीकडं वीस पावलं मोज आन् पुरून ये. मागं वळून बघू नको." पोरानं तसं केलं. पुढं लग्न झाल्यावर मामांनी ही गोष्ट मोठ्या विश्वासानं मामींना सांगितली. मामी पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सगळ्या गावाला सांगून मोकळ्या झाल्या. तेव्हापासून मामांना 'खजिनदार' हे नाव पडलं ते कायमचं.

वडील होते तोवर त्या जागेला हात लावायची मामांची छाती नव्हती. ते गेल्यावर मामांनी दोनदा खणलं, हाती दगड लागले. त्यातल्या एका खड्ड्यात मामींनी भोपळ्याचा वेल लावला. भोपळे लागले की शेजारणींना वाटायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, आमच्या खजिनदारांचं धन."

मामा हे हसण्यावारी न्यायचे. पण एकदा मला एकट्याला म्हणाले, "गाव हसतं त्याचं काय नाय रे. पर चाळीस वर्सं जिच्यासंगं काढली, तिला मी थापाड्या वाटतो." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. ही गोष्ट खरी ठरली पाहिजे, असं मला त्या क्षणी मामांहून जास्त वाटायला लागलं.

त्यातच मामेभाऊ त्या रानात द्राक्षबाग लावणार होता. एकदा लोखंडी अँगल उभे राहिले आणि तारा ताणल्या की माझं यंत्र तिथं नुसतं बोंबलत बसणार. म्हणजे कांदा निघाल्यावर आणि अँगल यायच्या आधी, मधल्या आठ-दहा दिवसांत काय ते करायचं होतं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि चाळणी मांडीवर घेऊन एसटीत बसलो.

पहिले तीन दिवस आम्ही लोखंडाचंच पीक काढलं. बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या, विळ्याचं मोडकं पातं, आणि मामांची कैक वर्षांपूर्वी हरवलेली चुन्याची डबी. मामी बांधावर बसून चहाबरोबर टोमणेही वाटत होत्या. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मामा, जरा नीट आठवा ना!" मी चक्क खेकसलो. मामा पुन्हा विहिरीपाशी गेले आणि ढांगा टाकत वीस पावलं मोजू लागले.

"थांबा!" मामी बांधावरून ओरडल्या. "असं कसं मोजता? अकरा वर्साचं पोर असल्या ढांगा टाकतंय व्हय?"

आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो. मामा सहा फुटी गडी, आणि आजवर प्रत्येक वेळी त्यांनी आपल्याच ढांगांनी मोजलं होतं. मी तर स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजत होतो.

मामींनी पदर खोचला, विहिरीपाशी गेल्या आणि लुगड्यातली आपली लहान लहान पावलं मोठ्यानं मोजत चालू लागल्या. विसाव्या पावलाला थांबल्या. पूर्वी मोटेचे बैल चालायचे त्या पट्टीच्या कडेची ती जागा. तिथं नांगर कधी फिरलाच नव्हता. मी चाळणी खाली नेली. कुईं!

"मामी, तुमची जोडवी वाजतायत. मागं सरा."

मामी चार पावलं मागं सरल्या. यंत्र वाजतच राहिलं.

खुरप्यानं वीतभर खाली गेलो आणि खापर लागलं. एकेक करून सात नाणी निघाली, शिशाची, आकाराच्या मानानं जड. एकावर सोंड वर केलेला हत्ती स्पष्ट दिसत होता. ती सातवाहनांच्या काळातली होती हे पुढं कळलं, पण मी तेव्हाच भर उन्हात नाचून घेतलं. मग आठवं नाणं बाहेर आलं आणि माझा नाच थांबला. तो तांब्याचा, मधोमध भोक असलेला, इंग्रजांच्या वेळचा पैसा होता.

"तुमच्यानंतर हे बोळकं कुणीतरी उकरलंय," मी म्हणालो.

"तो माझा हाय," मामा म्हणाले.

जत्रेत रेवड्या खायला मिळालेला तो पैसा पुरताना त्यांच्या मुठीत होता. ज्याचं धन आपण उकरलं तो रागावू नये म्हणून त्यांनी तो आत टाकला होता. "हे बी सांगितलं असतं तर आणखी हसली असती," ते म्हणाले. मामींनी तो पैसा तळहातावर घेऊन पाहिला. त्या हसल्या नाहीत.

असलं धन सरकारजमा करावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तलाठी आले. अंगणात पंचनामा सुरू झाला आणि निम्मं गाव जमलं. तलाठ्यांनी माझ्या यंत्राची नोंद 'एक चाळणी' अशी केली, त्याचा राग मला अजून आहे. मग त्यांनी मामींना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितलं. मामींनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "यांनी सांगितलेलं खरं निघालं, हे लिवलंय का?"

"मावशी, पंचनाम्यात तसलं काही लिहीत नाहीत."

"मग मी सही करत नाय. लिवा, माझे मालक खरं बोलत व्हते आन् मी चाळीस वर्सं हसत व्हते."

तलाठ्यांनी इकडं तिकडं पाहिलं. कुणीच त्यांच्या मदतीला आलं नाही. त्यांनी ते वाक्य लिहिलं. मामींनी ते सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचायला लावलं आणि एकेक अक्षर लावत सावकाश सही केली. ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या मामांनी डोक्यावरची टोपी काढली, तोंडावर धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.